अकरा संगणक, दोन प्रिंटर आणि एकतीस आयकॉन

एका कार्यालयातली तक्रार एका ओळीत मावणारी होती: ‘प्रिंटर रोज सकाळी ऑफलाइन जातो.’ इलाजही ठरून गेलेला. आधी संगणक रीस्टार्ट करायचा. तेवढ्याने भागले नाही तर प्रिंटर काढून पुन्हा जोडायचा. तरीही अडले तर फाइल शेजारच्याला मेल करायची आणि त्याच्याकडून प्रिंट काढून घ्यायची. काही महिने हे असेच चालले आणि शेवटी ‘यंत्रच बदलून टाका’ असा सूर निघाला. बदलण्याआधी तपास झाला म्हणून बरे. टोनर, रोलर, फ्यूजर सगळे ठीक होते. दोष यंत्राबाहेर होते, किमान पाच होते आणि सगळे ‘ऑफलाइन’ या एका शब्दाखाली जमा झाले होते.

कार्यालयातली मांडणी साधी. ९ डेस्कटॉप, २ लॅपटॉप. बहुतेकांवर विंडोज ११, दोघांवर विंडोज १०. एक मोठा कृष्णधवल लेझर प्रिंटर, त्यातच स्कॅनर, केबलने नेटवर्क स्विचला (सगळ्या नेटवर्क केबल एकत्र येतात त्या पेटीला) जोडलेला. दुसरा लहान लेझर प्रिंटर अकाउंट्सच्या टेबलावर, एका डेस्कटॉपला यूएसबीने जोडलेला आणि तिथून आणखी तिघांना शेअर केलेला. वेगळा सर्व्हर नाही. आयपी पत्ते (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचे क्रमांक) वाटण्याचे काम इंटरनेटच्या राउटरकडेच.

आधी मोजणी

अशा तपासात कोणतेही बटण दाबण्याआधी यादी करायची असते. अकरा संगणकांवर मिळून प्रिंटरचे एकतीस आयकॉन निघाले. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’सारखे आभासी प्रिंटर यात धरलेले नाहीत. खरी यंत्रे दोन. एका डेस्कटॉपवर तर मोठ्या प्रिंटरचे एकट्याचेच पाच आयकॉन होते, ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशा शेपट्या लागलेले.

इथेच सगळ्या गोंधळाचे मूळ आहे, म्हणून जरा थांबून सांगायला हवे. विंडोजमध्ये दिसणारा प्रिंटरचा आयकॉन म्हणजे यंत्र नव्हे. ती एक रांग असते. त्या रांगेला एक ड्रायव्हर लावलेला असतो, जो मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो, आणि एक पोर्ट लावलेला असतो, जो ते रूपांतर कुठे पाठवायचे ते सांगतो. त्या पोर्टच्या पलीकडे खरे यंत्र असेलच असे नाही. एकाच यंत्राच्या दहा रांगा असू शकतात आणि त्यातल्या नऊ मेलेल्या असू शकतात. ‘ऑफलाइन’ हे विंडोजचे त्या रांगेच्या पोर्टबद्दलचे मत असते. यंत्र चालू आहे की बंद, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून यादीत प्रत्येक आयकॉनपुढे चार गोष्टी लिहिल्या: रांगेचे नाव, ड्रायव्हर, पोर्ट आणि तो डिफॉल्ट (आपोआप निवडला जाणारा) आहे का. हे सगळे ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये मिळते, ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये नाही. नावे सारखी वाटतात, पण पहिल्यात रांगेची रचना असते आणि दुसऱ्यात फक्त कागद, दुहेरी छपाई, टोनर बचत असल्या आवडीनिवडी. पोर्ट्स टॅबवर नुसते पोर्टचे नाव वाचूनही भागत नाही. विंडोज पोर्टला आयपी पत्त्याचेच नाव देते, पण नंतर कुणी ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन पत्ता बदलला तरी नाव जुनेच राहते. पत्ता आत जाऊनच पाहायचा. नावाच्या शेवटी अंडरस्कोअर आणि १ दिसला तर समजायचे की हा प्रिंटर काढून पुन्हा जोडला गेला आहे. आयकॉन काढला तरी जुना पोर्ट मागे उरतो, आणि त्याच पत्त्यासाठी नवा करताना विंडोज नावाला आकडा जोडते.

मोठ्या प्रिंटरसाठी अकरा जण जो आयकॉन रोज वापरत होते, त्यांचे चित्र असे: पाच जणांचा पोर्ट डब्ल्यूएसडी प्रकारचा (प्रिंटर नेटवर्कवर आपोआप शोधणारा), त्यात दोन्ही लॅपटॉप. सहा जणांचा साधा टीसीपी/आयपी पोर्ट, म्हणजे ठरावीक आयपी पत्त्यावर काम पाठवणारा. या सहांपैकी तिघांचा पत्ता १९२.१६८.१.२३, एकाचा शेवट ५७ ने होणारा, आणि दोघांचा ४१ ने. प्रिंटरच्या स्वतःच्या पॅनेलवरून कॉन्फिगरेशनचे पान छापले. त्यावर पत्ता होता १९२.१६८.१.४१.

म्हणजे सहापैकी चौघे अशा दारावर थाप मारत होते जिथे प्रिंटर राहतच नव्हता.

सोमवारचा दोष

तक्रार ‘रोज सकाळी’ अशी असली तरी कोण, कोणत्या दिवशी असे लिहून काढल्यावर तिचे दोन तुकडे पडले. डब्ल्यूएसडीवाल्यांची तक्रार कुठल्याही दिवशीची होती. टीसीपी/आयपीवाल्यांची मात्र सोमवारची. हा फरक नोंदल्याशिवाय दिसत नाही, कारण दोन्ही गट एकच शब्द वापरतात.

सोमवारचे कारण असे. मोठा प्रिंटर आठवडाभर रात्री नुसता झोपेत जायचा, पण शनिवारी संध्याकाळी त्या खोलीचा मेन स्विच बंद व्हायचा आणि सोमवारी सकाळी चालू. मध्ये जवळजवळ ३९ तास. राउटर आयपी पत्ता २४ तासांच्या कराराने देत होता. चालू असलेले उपकरण साधारणपणे निम्मी मुदत सरली की करार वाढवून घेते, त्यामुळे इतर दिवशी पत्ता टिकायचा. शनिवार-रविवारी मुदत संपायची, आणि सोमवारी सकाळी प्रिंटरची खोली उघडण्याआधी कुणाचा तरी मोबाइल वायफायवर येऊन तो पत्ता घेऊन बसायचा. प्रिंटरला नवा पत्ता मिळायचा. दर सोमवारी असे व्हायचेच असेही नाही. पत्ता मोकळा असला तर राउटर शक्यतो जुनाच परत देतो. म्हणून तर हा दोष इतके दिवस पकडला गेला नाही.

आधी कुणीतरी तपास करायचा प्रयत्न केला होता आणि फसला होता. २३ क्रमांकाच्या पत्त्याला पिंग केल्यावर, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारल्यावर, उत्तर व्यवस्थित येत होते, तेव्हा ‘नेटवर्क ठीक आहे, ड्रायव्हर बिघडलाय’ असा निष्कर्ष निघाला आणि ड्रायव्हर तीनदा टाकून झाला. उत्तर प्रिंटर देत नव्हता, मोबाइल देत होता. पिंग एवढेच सांगतो की त्या पत्त्यावर कुणीतरी आहे. प्रिंटरच आहे का हे पाहायचे तर दोन सोपे मार्ग: ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकायचा, प्रिंटर असेल तर त्याचे स्वतःचे पान उघडते; किंवा पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत) ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला पत्ता आणि ९१०० हा पोर्ट क्रमांक द्यायचा. हा पोर्ट म्हणजे यंत्रावरचे दार, रांगेचा पोर्ट वेगळा. नेटवर्क प्रिंटर कच्ची छपाई सहसा ९१०० वर घेतात. उत्तर ‘ट्रू’ आले तर दार उघडे आहे. २३ वर ‘फॉल्स’ आले, ४१ वर ‘ट्रू’.

दुरुस्ती राउटरमध्ये केली. राउटर २ ते २५४ असा सगळा पट्टा वाटत होता. तो २० ते १७९ एवढाच ठेवला. प्रिंटरच्या कॉन्फिगरेशन पानावरचा मॅक पत्ता (नेटवर्क जोडणीचा कारखान्यातून आलेला क्रमांक) घेऊन त्याच्यासाठी १९२.१६८.१.२०० हा पत्ता राखून ठेवला. दोन गोष्टी जपाव्या लागतात. ज्या प्रिंटरला केबल आणि वायफाय दोन्ही असतात त्याचे मॅक पत्तेही दोन असतात. केबलने जोडलेला असेल तर केबलचाच घ्यायचा. आणि काही राउटर राखीव पत्ता वाटपाच्या पट्ट्यातच मागतात, तिथे पट्टा तसा ठेवावा लागतो. राखून ठेवल्यावर प्रिंटर एकदा बंद करून चालू केला आणि कॉन्फिगरेशनचे पान पुन्हा छापले. २०० दिसल्यावरच पुढे गेलो. पानावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता तर अर्थ वेगळा: राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, केबल किंवा स्विच पाहा.

हाच पत्ता प्रिंटरच्या पॅनेलवर हाताने टाकूनही पक्का करता येतो. चालते, पण राउटर बदलला आणि नव्याचा पट्टा वेगळा निघाला की प्रिंटर एकटा पडतो. राखीव पत्त्याची नोंद एकाच जागी राहते, म्हणून तीच पद्धत बरी.

मग संगणक. चालू असलेला आयकॉन काढून टाकायची गरज नसते. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, ‘अ‍ॅड पोर्ट’, त्यात ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, नवा पत्ता, आणि पोर्टला ओळखता येईल असे नाव. अशाने ट्रे, दुहेरी छपाई वगैरे त्या माणसाने बसवलेले सगळे तसेच राहते. जिथे आयकॉनच नव्याने करायचा होता तिथे ‘अ‍ॅड डिव्हाइस’ दाबून थोडे थांबल्यावर येणारा हाताने जोडण्याचा पर्याय घेतला, आपोआप सापडलेला प्रिंटर नाही. आयपी पत्त्याने जोडताना उपकरणाचा प्रकार विचारतात. तिथे ‘ऑटोडिटेक्ट’ न ठेवता ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ निवडायचे. ऑटोडिटेक्ट ठेवले तर विंडोज पुन्हा डब्ल्यूएसडीकडे वळू शकते आणि सगळी मेहनत वाया.

रोजचा दोष

डब्ल्यूएसडी वाईट नाही. घरी एक प्रिंटर आणि एक लॅपटॉप असेल तर सोयीचेच आहे. त्यात पोर्टला पत्ता नसतो, उपकरणाची ओळख असते, आणि संगणक नेटवर्कवर हाक मारून ‘हा कुठे आहे’ असे विचारत राहतो. त्यामुळे पत्ता बदलला तरी सिद्धांतात फरक पडू नये. व्यवहारात ती हाक मल्टिकास्टने, म्हणजे एकाच वेळी अनेक उपकरणांना उद्देशून, यूडीपी ३७०२ या पोर्टवर जाते. वायफायवर ती गळू शकते, झोपेतून उठलेल्या संगणकाची किंवा झोपलेल्या प्रिंटरची वेळ चुकू शकते, फायरवॉलने (नेटवर्कवरची ये-जा गाळणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेने) नेटवर्क ‘पब्लिक’, म्हणजे अनोळखी, धरले असेल तर अडते. उत्तर आले नाही की आयकॉन राखाडी. पाच-दहा मिनिटांनी आपोआप ठीकही होतो, त्यामुळे रीस्टार्ट हा इलाज असल्याचा भास होतो. रीस्टार्टने फक्त वेळ जात होता.

पाचही जणांना वरच्याच पद्धतीने २०० चा टीसीपी/आयपी पोर्ट दिला.

यानंतरही एका डेस्कटॉपवर आयकॉन ‘ऑफलाइन’च राहिला, पण जबरदस्तीने पाठवलेला प्रिंट मात्र निघत होता. हा प्रकार लोकांना भुतासारखा वाटतो. त्याचे उत्तर ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये असते: ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’. या चौकटीत टिकची खूण असली की विंडोज प्रिंटरची अवस्था एसएनएमपीने, म्हणजे यूडीपी १६१ वर विचारते, सहसा ‘पब्लिक’ हा परवलीचा शब्द वापरून. प्रिंटरवर तो शब्द बदललेला असेल, किंवा मधल्या फायरवॉलने ती चौकशी अडवली, तर उत्तर येत नाही आणि विंडोज प्रिंटर बंद समजते. छपाईचा ९१०० चा रस्ता मात्र मोकळाच. इतर दहा जण चालत होते, तेव्हा दोष प्रिंटरचा नव्हता. त्या एका डेस्कटॉपवरच्या वेगळ्या अँटिव्हायरसची फायरवॉल आडवी येत होती. खूण काढली, आयकॉन जागा झाला. बदल्यात त्या संगणकावर टोनर किंवा कागद संपल्याची सूचना येणार नाही. इथे ते परवडले.

एक चुकीचा कागद, सगळी रांग खोळंबलेली

सकाळचा गोंधळ निस्तरल्यावर दुपारचा उघडा पडला. मोठा प्रिंटर दिवसातून एकदोनदा मध्येच थांबायचा. पॅनेलवर लेटर आकाराचा कागद घाला अशी सूचना, ट्रेमध्ये ए४ भरलेला. लोक ट्रे बाहेर काढून परत लावायचे, मग आपल्या संगणकावर प्रिंट रद्द करून पुन्हा पाठवायचे, मग पुन्हा. कुणीतरी पॅनेलवर ओके दाबले की सगळ्यांच्या चार-चार प्रती बाहेर.

ए४ म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर. लेटर साधारण २१६ गुणिले २७९. डोळ्यांना जवळजवळ सारखे, प्रिंटरच्या लेखी मात्र वेगळे कागद. फाइल लेटरची आणि ट्रे ए४ चा असला की प्रिंटर वाट पाहतो, आणि त्याच्यामागे अकरा संगणकांची कामे तुंबतात. चूक एकाची, पण त्या माणसाला ती दिसत नाही. त्याला वाटते प्रिंटर अडकला.

गुन्हेगार शोधायला सोपे होते. प्रिंटर थांबलेला असताना त्याच्या स्वतःच्या पानावर चालू कामाचे नाव आणि पाठवणाऱ्याचे नाव दिसत होते. विंडोज नव्याने टाकलेला एक डेस्कटॉप निघाला. त्यावर प्रदेश अमेरिका राहून गेला होता, म्हणून प्रिंटरचा ड्रायव्हर बसताना कागद लेटर धरला गेला. प्रदेश बदलल्याने आधीच बसलेली रांग बदलत नाही. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ असते, तिथे ए४ केले. प्रिंटिंग प्रेफरन्सेसमधला बदल फक्त चालू वापरकर्त्यापुरता असतो, डिफॉल्ट्स त्या संगणकावर पुढे येणाऱ्या सर्वांसाठी. म्हणून दोन्हीकडे पाहायचे. वर्डच्या ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्डखाली छपाईच्या भागात, ए४ आणि लेटर एकमेकांत बसवण्याची खूण असते, ती चालू आहे याची खात्री केली. बाहेरून येणाऱ्या लेटरच्या पीडीएफ मात्र थांबवता येत नाहीत. त्यासाठी प्रिंटरच्या पॅनेलमध्ये ‘ए४/लेटर ओव्हरराइड’सारखी सोय असेल तर ती चालू करावी. यात होती. तेवढ्याने दुपारचा खोळंबा थांबला.

अडकलेले काम कसे काढायचे

‘डिलीटिंग’ असे दाखवत तासभर बसलेले काम कितीही वेळा रद्द केले तरी जात नाही. तिथे स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग, थांबवावा लागतो. क्रम महत्त्वाचा. आधी प्रिंटर बंद. मग सर्व्हिसेसच्या खिडकीत ‘प्रिंट स्पूलर’ थांबवायचा. मग विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स, असे आत जाऊन तिथल्या फाइली काढायच्या. एका कामाच्या दोन फाइली असतात: एसपीएल शेपटीची खरा मजकूर धरते, एसएचडी शेपटीची कामाची माहिती. फाइली काढायच्या, फोल्डर नाही. मग स्पूलर चालू, आणि शेवटी प्रिंटर चालू.

प्रिंटर बंद करायचा टप्पा लोक गाळतात. अर्धे काम यंत्राच्या स्मृतीत गेलेले असते. संगणकावरचे उरलेले अर्धे पुसले की प्रिंटरला कामाचा शेवट मिळतच नाही, आणि पुढचे काम त्यालाच चिकटून पानामागून पान चिन्हांचा चिखल निघतो. यात सगळ्याच रांगांची कामे जातात, हेही आधी सांगून ठेवावे. शेअर केलेल्या प्रिंटरच्या बाबतीत ज्या संगणकाला यंत्र जोडलेले आहे त्याचा स्पूलर थांबवायचा.

चिन्हांच्या चिखलाचे दुसरे कारण इथेही एका संगणकावर सापडले: भाषा चुकलेली. पानाच्या माथ्यावर टक्क्याचे चिन्ह, उणे, १२३४५ आणि एक्स, पुढे पीजेएलच्या ओळी दिसल्या तर समजायचे की प्रिंटरला उद्देशून लिहिलेल्या आज्ञा तो मजकूर म्हणून छापतो आहे. त्या संगणकावर पोस्टस्क्रिप्ट या भाषेचा ड्रायव्हर होता आणि प्रिंटरला फक्त पीसीएल ही भाषा समजत होती. बारा पानांच्या फाइलची शंभरेक पाने निघाली होती. ड्रायव्हर बदलताना नुसता आयकॉन काढला तर जुना ड्रायव्हर विंडोजमध्ये राहतो आणि पुढच्या वेळी विंडोज तोच उचलते. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये ड्रायव्हर्स टॅबवर जाऊन ड्रायव्हर आणि त्याचे पॅकेज दोन्ही काढायचे. ‘वापरात आहे’ म्हणून नकार आला तर स्पूलर थांबवून चालू करायचा आणि लगेच पुन्हा प्रयत्न करायचा.

देवनागरी मजकुराची जोडाक्षरे फक्त छापताना तुटत असतील तर ड्रायव्हरच्या पर्यायांत ट्रूटाइप अक्षरे बिटमॅप (चित्र) म्हणून पाठवण्याची खूण शोधावी, आणि पीडीएफ असेल तर ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’. वेग कमी होतो, अक्षर शाबूत राहते.

अकाउंट्सचा लहान प्रिंटर

इथे तीन गोष्टी एकमेकांत गुंतल्या होत्या. पहिली: झाडलोट करताना यूएसबीची केबल निघायची आणि दुसऱ्या सॉकेटमध्ये लागायची. ज्या प्रिंटरचा सिरियल नंबर विंडोजला मिळत नाही, तो दुसऱ्या सॉकेटमध्ये गेला की विंडोज त्याला नवे यंत्र समजते आणि ‘कॉपी १’ तयार करते. शेअर केलेली असते जुनी रांग, ती ऑफलाइन होते, आणि तिघांची छपाई बंद पडते. दुसरी: तो डेस्कटॉप झोपला किंवा त्याचा मालक रजेवर गेला की तिघांचे काम थांबायचे. तिसरी: शेवटी ११बी असलेला एरर.

या एररमागे विंडोजमधली एक सुरक्षा-त्रुटी आहे, २०२१ साली उघड झालेली. ती बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने शेअर केलेल्या प्रिंटरशी होणारे बोलणे जास्त कडक केले आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ही सक्ती आपोआप लागू झाली. अपडेट मागेपुढे असलेल्या दोन संगणकांत तेव्हापासून खटके उडू लागले. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एक किंमत शून्य केली की एरर जातो, आणि इथे कुणीतरी ती केलेलीही होती. पण ती किंमत शून्य करणे म्हणजे बुजवलेले भोक पुन्हा उघडणे. सगळ्या संगणकांचे अपडेट पूर्ण करून ती नोंद काढून टाकणे हा सरळ रस्ता.

मग लक्षात आले की या शेअरिंगची गरजच नाही. लहान प्रिंटरच्या मागे नेटवर्क केबलचे सॉकेट होते. यूएसबी केबल ५ मीटरच्या आत ठेवावी लागते, म्हणून तो त्या टेबलाला बांधला गेला होता. नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि स्विच इथून फार तर ८ मीटर होता. केबल ओढली, राउटरमध्ये २०१ राखला, चौघांना थेट टीसीपी/आयपी पोर्ट दिला, शेअरिंग बंद केले. तीनही दोष एका केबलने गेले. प्रिंटर विकत घेताना त्या सॉकेटचे पैसे मोजलेले असतात, आणि ते वर्षानुवर्षे रिकामे राहते, असे कितीतरी ठिकाणी दिसेल.

डिफॉल्ट स्वतः बदलतो तो का

पगाराचा एक तक्ता अकाउंट्सऐवजी मोठ्या प्रिंटरवर, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर निघाला होता. विंडोज १० पासून ‘डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला सांभाळू द्या’ अशी एक खूण आहे. ती चालू असली की जिथे शेवटचा प्रिंट काढला तोच डिफॉल्ट होतो. एकदा मोठ्यावर काढला की पुढचा तक्ताही तिथेच. प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या पानावर ही खूण अकराही संगणकांवर बंद केली आणि डिफॉल्ट हाताने ठरवला.

एकतीस आयकॉन आले कुठून

प्रत्येकाकडे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार होता. त्यालाही इतिहास आहे. २०२१ च्या जून-जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजलेल्या त्रुटीनंतर, ऑगस्टच्या अपडेटपासून, शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लागू लागला. रोज पासवर्ड टाकायला कोण उठणार, म्हणून इथे सगळ्यांनाच अधिकार देऊन टाकले होते. मग ऑफलाइन दिसला की जोड नवा. प्रत्येक नवा आयकॉन काही दिवस चालायचा आणि खरे कारण आणखी एका थराखाली जायचे.

अधिकार काढून घेतले. प्रत्येक संगणकावर जास्तीत जास्त दोन रांगा ठेवल्या, ‘मोठा-२००’ आणि ‘अकाउंट्स-२०१’ या नावांनी, आणि तीच नावे यंत्रांवर चिकटवली. नावात पत्ता असला की फोनवरूनही निदान करता येते. दोन्ही प्रिंटरच्या पानांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड बदलले. तो पासवर्ड रिकामा असेल तर कुणीही ब्राउझरमधून पत्ता बदलू शकतो.

ड्रायव्हरच्या बाबतीत दोन मार्ग होते. मोठ्यासाठी उत्पादकाचा पूर्ण ड्रायव्हर ठेवला, कारण त्याचे ट्रे आणि पिन मारण्याची सोय त्याशिवाय मिळत नव्हती. लहान प्रिंटरला विंडोजचा स्वतःचा आयपीपी क्लास ड्रायव्हर (आयपीपी ही वेगवेगळ्या उत्पादकांच्या प्रिंटरना चालणारी समान पद्धत) पुरला असता. उत्पादकांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने आवरते घेणार, असे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे, तेव्हा नवे यंत्र घेताना ते आयपीपीवर चालते का हे पाहिलेले बरे. जुन्या यंत्रांच्या ड्रायव्हरची फाइल मात्र आजच उतरवून जपून ठेवावी.

स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणेही बंद पडलेले होते. मोठ्या प्रिंटरला फाइल पाठवायला एसएमबीची (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीची) पहिलीच आवृत्ती येत होती आणि विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून नव्या मांडणीत ती बंद असते. इंटरनेटवर ती चालू करायचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नये. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच दाराने पसरला होता. प्रिंटरच्या फर्मवेअरचे (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट होते, त्याने दुसरी आवृत्ती मिळाली आणि काम झाले. मिळाली नसती तर स्कॅन मेलवर पाठवला असता.

उरलेले भूत

पुढचा सोमवार शांत गेला. मंगळवारी दोन्ही लॅपटॉपवर मोठ्या प्रिंटरचा एक जादा आयकॉन पुन्हा उगवला, पोर्ट डब्ल्यूएसडी. अधिकार काढलेले, कुणी जोडलेला नाही. विंडोजच्या प्रगत शेअरिंग सेटिंग्जमध्ये, खासगी नेटवर्कच्या भागात, नेटवर्क डिस्कव्हरीखाली, नेटवर्कवरची उपकरणे आपोआप बसवण्याची एक खूण असते. ती चालू होती, आणि विंडोज स्वतःच प्रिंटर शोधून जोडत होते. खूण काढली, आयकॉन काढले. मग प्रिंटरच्या पानावर नेटवर्क सेवांच्या यादीत डब्ल्यूएसडीच बंद केले, म्हणजे उद्या नवा लॅपटॉप आला तरी त्याला या वाटेने प्रिंटर सापडणार नाही. स्कॅनिंगसाठी डब्ल्यूएसडी वापरणारे कुणी असेल तर हे करता येत नाही, इथे नव्हते. यादी पुन्हा मोजली: मोठ्याचे अकरा आयकॉन, अकाउंट्सचे चार.